टॉर्चला पाणी पाजणारं घर

आमच्या घरात तापलेल्या प्रत्येक वस्तूला पाणी पाजायची पद्धत होती. पद्धत माझ्या आजोबांची, म्हणजे आबांची. आबा लोहार होते, त्यामुळे त्यांच्यापुरती ती बरोबरच होती. कोयता भट्टीत लाल करायचा, ऐरणीवर ठोकायचा आणि दाराशी असलेल्या दगडी डोणीत बुडवायचा. चर्र आवाज झाला की गिऱ्हाईक खूश. पण पद्धत घालून देणारा माणूस गेला की मागे राहिलेली माणसं ती कुठेही वापरतात. माझे वडील, अण्णा, कोयते-विळे सोडून वेल्डर झाले, स्टीलच्या दुधाच्या टाक्या आणि शिर्डीच्या हॉटेलांसाठी मोठाली पातेली करू लागले, पण दाराशी डोण तीच आणि पद्धतही तीच. पक्कड तापली, डोणीत. पत्र्याचा तुकडा तापला, डोणीत. एकदा माझ्या थोरल्या भावाला ऐन वैशाखात सणकून ताप भरला, तेव्हा अण्णा त्याच्याकडे बघत बराच वेळ डोणीशेजारी उभे होते. आईने ती नजर ओळखली आणि पोराला मुकाट्याने आतल्या खोलीत हलवलं.

राहात्याला पेरूच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची पत्र्याची शेड होती आणि तिच्या पाठीला चिकटून तीन खोल्यांचं घर. घर आणि शेड यांच्यात एक दार होतं, पण ते लावलेलं मी कधी पाहिलं नाही, त्यामुळे शेड सरळ स्वयंपाकघरापर्यंत आत येऊन बसलेली असायची. पहाटे पेरूचे क्रेट टेम्पोत चढवायचा खडखडाट, मग आईचा वरवंटा, आणि नऊ वाजले की ग्राइंडर. ग्राइंडर थांबला की कानात एक बारीक सूऽऽ ऐकू यायचं, तो आर्गॉन गॅसचा आवाज. मोसमात सगळ्या गल्लीला पिकलेल्या पेरूचा वास असायचा, आमच्या घराला मात्र पेरू, भाजलेला लसूण आणि जळका पत्रा असा तिन्हींचा मिळून. बाजरीच्या भाकरीवर ग्राइंडरची काळी पूड हमखास असायची. मी कुरकुरले की आई म्हणायची, "खा गुमान. अंगात लोखंड कमी हाय म्हनला ना डाक्टर? मंग? घरचंच हाय." आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी आणि जत्रेच्या दिवशीची झणझणीत शिपी आमटी मी नंतर कितीतरी वेळा करून पाहिली. तशी होत नाही. बहुतेक ती पूड कमी पडत असावी.

डोण काळ्या दगडाची होती, हातभर खोल. बुडाशी एक भोक होतं आणि त्यात फडकं गुंडाळलेली लाकडी खुंटी ठोकलेली. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, खुंटी काढून पाणी बदलायचं, डोण घासायची, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. बाकी वर्षभर वरून नुसती भर घालायची, आणि हे भर घालायचं काम माझ्याकडे होतं. डोण कोरडी पडू द्यायची नाही. ती कोरडी पडली तर घरातला कर्ता माणूस आडवा होतो, असं आबा अण्णांना सांगून गेले होते आणि अण्णा आम्हाला दर चार दिवसांनी सांगायचे. त्यामुळे कर्ता माणूस उभा राहावा म्हणून मी वयाच्या नवव्या वर्षापासून बादल्या वाहत होते. त्या पाण्यात शेवाळ असायचं, लोखंडाचा गंज असायचा, तेलाचा तवंग असायचा. एका पावसाळ्यात एक बेडूक येऊन राहिला. महिनाभर टिकला बिचारा, मग कंटाळून गेला.

आता टॉर्चबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं महाभारत तिच्यावरून झालं. स्टीलचा पातळ पत्रा साध्या काडीच्या वेल्डिंगने जोडायला गेलं तर जळून भोक पडतं. त्याला टिग नावाचं वेल्डिंग लागतं. त्यात हातात पेनासारखी धरायची एक टॉर्च असते, तिच्या टोकाला टंगस्टनची सुई, आणि सुईभोवती चिनी मातीचा छोटा कप. कपातून आर्गॉन गॅस बाहेर येतो आणि वितळलेल्या स्टीलवर पांघरूण घालतो. पांघरूण नीट पडलं तर शिवण चांदीसारखी किंवा फिकी सोनेरी येते. हवा आत घुसली की शिवण काळी पडते आणि तिच्यात सुईच्या अग्राएवढी भोकं राहतात. कप वेगवेगळ्या तोंडाचे मिळतात आणि प्रत्येकाला नंबर असतो. चार नंबरचं तोंड लहान, ते अडचणीच्या कोपऱ्यात शिरतं. सात-आठचं मोठं, ते मोकळ्या लांब शिवणीला बरं, कारण त्याचं पांघरूण रुंद पडतं, पण त्याला गॅसही थोडा जास्त सोडावा लागतो. एवढंच शास्त्र आहे. एवढंच शास्त्र असल्यामुळे आमच्या घरात ते कुणाला मान्य नव्हतं.

अण्णा जन्मभर चार नंबरवाले. लहान कप म्हणजे गॅस कमी, गॅस कमी म्हणजे संसार टुकीचा, असा त्यांचा हिशेब. शिवण तीन फूट लांब असो की पाच, चार नंबर. माझा भाऊ रावसाहेब आयटीआयला जाऊन आला होता. (नाव बारशालाच रावसाहेब ठेवलेलं. आमच्या भागात पोरं साहेब होऊनच जन्माला येतात, त्यामुळे पुढे काही व्हायची घाई नसते.) त्याने तिथून फ्रेम केलेलं सर्टिफिकेट आणि एक मत आणलं होतं. मत असं की कप जेवढा मोठा तेवढा वेल्डर मोठा. तो दहा नंबर लावायचा. दहा नंबर कोपऱ्यात मावायचा नाही, मग तो टॉर्च लांबून धरायचा, मग गॅस वाऱ्यावर जायचा आणि शिवण काळीठिक्कर पडायची. ती तो ब्रशने घासून घासून उजळ करायचा आणि म्हणायचा, "फिनिशिंग करतोय." उरलेले पाच, सहा, सात, आठ असे सगळे कप शिर्डीच्या पेढ्यांच्या एका रिकाम्या खोक्यात पडून असायचे. ते पुसून, तडे बघून, नंबरवार लावून ठेवायचं काम माझ्याकडे. मी तेव्हा बारावी होऊन घरी होते आणि पाहुणे बघायला येईपर्यंत मुलीच्या हाताला काहीतरी काम हवं, म्हणून मला खोकं दिलेलं होतं.

परवाच, इतक्या वर्षांनी, आमच्या शेडमधल्या एका कारागिराने मोबाईलवर व्हिडिओ बघून काचेचा पारदर्शक कप मागवला. एवढा मोठा की त्यात मी चहा पिऊ शकेन. मी त्याला विचारलं, हा कुठे वापरणार? तो म्हणाला, "मॅडम, भारी दिसतो." मला रावसाहेबदादाची फार आठवण झाली.

तर, टॉर्च तापते. आमची टॉर्च हवेवर निवणारी होती. तिला फिरत्या पाण्याची नळी वगैरे ऐश नव्हती. अशा टॉर्चला थोडं काम, थोडी विश्रांती असं चालवावं लागतं. काम थांबलं की गॅस लगेच बंद करायचा नाही, सुईची लाली जाईपर्यंत येऊ द्यायचा. त्याने सुईही वाचते आणि टॉर्चही आतून निवते. अण्णांना थांबणं ठाऊक नव्हतं. लोहाराचा जीव तो, तापलं असताना ठोकायचं एवढंच शिकलेला. ते हातभर शिवण एका दमात ओढायचे, मूठ चटके द्यायला लागली की खटका दाबून गॅस पट्कन बंद करायचे, दोन पावलं चालून दाराशी यायचे आणि टॉर्च डोणीत बुडवायचे. चर्र! मग समाधानाने म्हणायचे, "तापल्याला माल पानी मागतो." आणि ती ओली टॉर्च झटकून पुन्हा कामाला. कप तडकायचा, कपामागच्या गॅसच्या भोकांतून पाणी आत शिरायचं, पुढची शिवण बुडबुडत, फटफटत जायची. अण्णा शिव्या घालायचे. शिव्या वाटून दिलेल्या होत्या. पहिल्या कप बनवणाऱ्या कंपनीला, दुसऱ्या गॅसवाल्याला, तिसऱ्या समोरच्या गॅरेजवाल्याला, कारण त्याची नजर वाईट. नजरेवर उपाय म्हणून आर्गॉनच्या सिलिंडरला लिंबू-मिरची बांधलेली होती. दर शनिवारी ती बदलायचं काम कुणाकडे होतं हे सांगायला नकोच.

कपांचं खोकं माझ्याकडे असल्यामुळे मला एक गोष्ट दिसत होती जी त्या दोघांना दिसत नव्हती. रावसाहेबदादा काम करायचा त्या दिवशी शिवणी वाईट यायच्या, पण कप फुटायचे नाहीत, कारण तो आळशी होता; डोणीपर्यंत चालत कोण जाणार? अण्णांच्या दिवशी कप फुटायचे. एका दुपारी दोघं जेवून घोरत असताना मी खोक्यातला सात नंबरचा कप लावला, भंगारातला पत्रा घेतला आणि वीतभर शिवण ओढली. मग गॅस चालू ठेवून सुई काळसर होईपर्यंत थांबले, टॉर्च खिळ्याला टांगली, दहा मिनिटांनी पुन्हा वीतभर. पहिली शिवण वाकडी होती, शेळीच्या चालीने गेलेली, पण रंग फिका सोनेरी आणि भोक एक नाही. कपाला तडा नाही. मी ती पट्टी पदराखाली झाकून किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. मला फार आनंद झाला होता, आणि तो सांगायला त्या घरात कुणी नव्हतं.

तरी सांगून पाहिलं. आधी भावाला. तो पट्टी उलटसुलट करून म्हणाला, "दहा नंबर लावला आस्ता तर आजून चांगलं आलं आस्तं." मग अण्णांना. त्यांनी शिवण अंगठ्याच्या नखाने तपासली, पट्टी उजेडात धरली. त्यांना कळलं होतं. कसबी माणूस होता तो, कळणार नाही असं नव्हतंच. पण मी म्हणाले, "डोणीत बुडवल्यानं कप फुटतोय अण्णा, नि पानी आत जातंय," आणि त्यांचा चेहरा बंद झाला.

"आबा काय येडे हुते?"

"आबा कोयते करायचे. ही टॉर्च हाय."

"लोखंड ते लोखंड. जा, लिंबू बदल."

त्यानंतर पंधरा दिवसांनी आमची टाकी परत आली. एका गावच्या दूध डेअरीला अण्णांनी मोठी टाकी करून दिली होती. आतल्या शिवणींत बारीक भोकं राहिली, त्यात दूध साठून राहायचं, कितीही धुतलं तरी आंबायचं, आणि रोज सकाळी घातलेलं ताजं दूध नासायचं. गावाने चार दिवस दूध गटारात ओतलं आणि पाचव्या दिवशी टाकी ट्रॉलीत घालून आमच्या दारात आणून ठेवली. डेअरीचा साहेब सज्जन माणूस, आवाज न चढवता म्हणाला, "मिस्त्री, एक बदली टाकी करा. ही शेवटची संधी. परत आसंच झालं तर आमी काम कोपरगावला देतो." ट्रॉलीभोवती गल्ली जमली होती. आंबलेल्या दुधाचा वास पेरूच्या वासाला भारी पडला. अण्णांनी टाकी उतरवून घेतली. रात्रीच्या जेवणाला मात्र भाकरी मोडता मोडता आईला म्हणाले, "ही बी गेली तर शेड बंद करायची. नगरला एमआयडीसीत कुनाच्या तरी हाताखाली जातो." पन्नाशीचा माणूस, ज्याने कधी कुणाला साहेब म्हटलं नाही (घरातला एक सोडून), तो दुसऱ्याच्या शेडमध्ये हजेरी लावणार होता. रावसाहेबदादाने दुसरी भाकरी मागितली.

मी पुन्हा बोलले असते तर पुन्हा लिंबू बदलायला पाठवलं असतं. म्हणून टाकीच्या शिवणी ज्या दिवशी घ्यायच्या होत्या, त्या दिवशी तांबडं फुटताना मी डोणीशी गेले, वाकून हात आत घातला आणि खुंटी उपटली. पाणी भसाभस बाहेर आलं आणि कडेच्या चारीतून पेरूच्या झाडाकडे निघालं. तळाशी गेल्या खंडेनवमीचा काळा पडलेला झेंडू होता. कर्ता माणूस आडवा होतो यावर माझा काडीचा विश्वास नव्हता, विज्ञान शाखेची बारावी होते मी. पण मी मनात म्हणत होते, आबा, अण्णांना काही करू नका, करायचं तर मला करा. मान वर केली तर दारात आई उभी. हातात राखेचं सूप. तिने डोणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"खुंटी परत लाव," आई म्हणाली. "फडकं वलं करून लाव, न्हाईतर लगीच कळंल." आणि राख टाकायला निघून गेली.

नऊला काम सुरू झालं. टाकी दाराजवळच उभी केली होती. अण्णांनी पाटावर मांड ठोकली, चार नंबर लावला आणि पहिली हातभर शिवण ओढली. मूठ तापली. सवयीने खटका दाबून गॅस बंद, दोन पावलं, वाकले, आणि चर्र झालंच नाही. कप कोरड्या दगडावर टणकन आपटला. अण्णांनी आत हात घातला, चाचपला, बाहेर काढला आणि कोरड्या बोटांकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"पानी कुटं गेलं?"

रावसाहेबदादा धावत आला, डोणीभोवती एक फेरी मारली आणि आयटीआयला शोभेल असा निष्कर्ष काढला. "चोरीला गेलं आसंल."

"डोनीतलं पानी कोन चोरतो रं मुडद्या?"

आई दारात येऊन उभी राहिली होती. "दगड हाय, तडकला आसंल," ती म्हणाली. "माजी आजेसासू बी अशीच गेली. सकाळी चांगली बोलत हुती."

अण्णांनी दगडाकडे पाहिलं. मग चारीतल्या ओल्या रेघेकडे, ती थेट पेरूपर्यंत गेलेली. मग माझ्या पायांकडे. मी सगळं धुतलं होतं, पावलांवरचं हिरवं शेवाळ तेवढं राहिलं होतं. मी पाय साडीखाली ओढायला गेले आणि नको तेवढं लक्ष त्यांच्याकडे वेधलं. अण्णांनी मान वळवली. आईला म्हणाले, "घागर आन."

"आज नळाचा दिस न्हाई. परवा येनार पानी. घरात हाय ते प्यायचं हाय, त्यात मी तुमची टॉर्च बुडवू देनार न्हाई. मला चा करायचा हाय."

तापलेली टॉर्च हातात घेऊन अण्णा भर शेडमध्ये उभे होते. मालाला पाणी द्यायचं ते आबांच्या डोणीतलं, आणि ते नव्हतं. मी पुढे झाले. टॉर्च त्यांच्या हातात असताना मी तोवर कधी तिला हात लावला नव्हता. मी हात पुढे केला आणि टॉर्चच्या मानेवरचा खटका पुन्हा उघडला. गॅस सूऽऽ करत यायला लागला.

"थांबा जरा अण्णा," मी म्हणाले. "हवेनं निवंल."

ते थांबले. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच थांबले. लाली गेली तसा मी खटका बंद केला, टॉर्च खिळ्याला टांगली, टणक्याने तडकलेला चार नंबर काढून टाकला आणि विचारलं नाही, सात लावला. वारा येत होता त्या बाजूला आईची जुनी सतरंजी बांधली. अण्णा हे सगळं बघत होते. आई चहा घेऊन आली. त्यानंतर दिवसभर तसंच चाललं. वीतभर शिवण, गॅस वाहू द्यायचा, टॉर्च खिळ्याला, आणि तोवर अण्णांच्या हातात चहा नाहीतर मूठभर भाजलेले शेंगदाणे, म्हणजे त्यांना उठून कुठे बुडवायला जाता येणार नाही. आईने तेवढं बरोबर ओळखलं होतं. त्या दिवशी अण्णा सात चहा प्यायले. रावसाहेबदादा दर थोड्या वेळाने येऊन "दहा लावा, दहा" एवढं सांगून जात होता. त्याचाही दिवस भरला.

दुपारी उन्हं कलायला लागली तेव्हा तळाचा कोपरा आला. तिथे टाकीची कड आणि पाया यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटांची जागा. अण्णा पालथे पडून आत बघत होते. डोकं टाकीखाली, त्यामुळे आवाज घुमत आला.

"सुमे. हितं कोन्ता लावू?"

त्यांनी विचारलंय ते मलाच, याची खात्री करायला इकडेतिकडे पाहिलं. रावसाहेबदादा ओसरीवर झोपला होता.

"पाच," मी म्हणाले. "चार लई लहान हुईल, लगीच तापंल. नि सुई जरा बाहेर काढा."

"दे."

एवढंच. मी पाच नंबर त्यांच्या तळहातावर ठेवला. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते वेल्डिंगच्या उजेडावर ढकललं. वेल्डरच्या घरात रडायची ती एक सोय असते.

दुसऱ्या दिवशी डेअरीचा साहेब पाण्याचा टँकर घेऊन आला. टाकी गळ्यापर्यंत भरली, बाहेरून खडू फासला आणि दुपारपर्यंत ओल कुठे फुटते ते बघत गल्ली बसून राहिली. गॅरेजवालाही होता, वाईट नजरेसकट. खडू कोरडा राहिला. मग पाणी काढून साहेबाने आरसा आणि बॅटरी घेऊन आतल्या शिवणी बघितल्या, सगळ्या, कोपऱ्यातलीही. नखाने खरवडून पाहिलं. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "मिस्त्री, ही कुनी केली?"

"म्या. दुसरं कोन करनार?" अण्णा म्हणाले.

"मागच्या येळी काय झाल्तं मंग?"

"मागच्या टायमाला कप बारका हुता," रावसाहेबदादा मध्येच म्हणाला. "मी सांगत हुतो, मोठा लावा." साहेबाने मान डोलावली, आजच्या काळात तांत्रिक शिक्षण किती गरजेचं आहे असं काहीतरी बोलला आणि दोन टाक्यांचं नवं काम सांगून गेला. गल्लीने रावसाहेबदादाच्या पाठीवर थापा मारल्या. आईने मूठभर मीठमोहऱ्या ओवाळल्या, त्याही त्याच्याच वरून. मी खोकं घेऊन आत गेले आणि कप नंबरवार लावले, मग सगळे विस्कटून पुन्हा लावले. शेड वाचली होती आणि अण्णा कुणाच्या हाताखाली जाणार नव्हते. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता, झालाही होता. पण त्याच्या दुप्पट राग आला होता. 'म्या' म्हणाले होते ते. एक शब्द जास्त बोलायला काय गॅस जळणार होता?

तिसऱ्या दिवशी सकाळी मला ठक ठक आवाजाने जाग आली. पेरूचे टेम्पो कधीच गेले होते, शेडचं दार उघडं होतं. अण्णा बनियनवर डोणीत वाकून बसले होते. हातात आबांची छिन्नी आणि आबांचा हातोडा, दोन्ही खंडेनवमीशिवाय कधी बाहेर न निघणारे. डोणीच्या कडेवर ताजं कुंकू लावलेलं होतं, एक उदबत्ती जळत होती. त्यांनी छिन्नी बुडाशी टेकवली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि घाव घातला. दगडातून टक् असा आवाज आला आणि खुंटीपासून कडेपर्यंत तडा धावत गेला.

"अण्णा! काय करताय?"

ते दचकले नाहीत. छिन्नी पुसली. तड्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं, शिवण तपासायचे तसं.

"तुजी आई परवा म्हनली ना, तडकलीया. मी नीट बगितली. तडा न्हवता." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता हाय."

मी वाकून तड्याला बोट लावलं.

"उद्या ह्ये लोक इचारतील, आबाच्या डोनीचं पानी कुटं गेलं. रावसाब इचारील. तुज्या सासरचं कुनी इचारील. डोन कोरडी करनारी पोर म्हनून तुजं नाव निघायला नको." त्यांनी गुडघ्यावर हात टेकले आणि उठले. "दगड हुता, तडकला. जा, चा ठेव. नि त्यो सातचा कप काडून ठेव, नव्या टाक्या घ्यायच्या हायेत."

अण्णा त्यानंतर पुष्कळ वर्षं उभे होते. मी सासरी गेले नाही. जे बघायला आले त्यांना वेल्डिंग करणारी सून नको होती, आणि शेवटी जो आला तोच आमच्या शेडमध्ये राहायला आला. रावसाहेबदादाने पुढे शिर्डीत फोटो फ्रेमचं दुकान काढलं. पहिली फ्रेम त्याच्या सर्टिफिकेटची, अजून भिंतीवर आहे. डोण आमच्या दाराशी आहे. खंडेनवमीला मी तिला कुंकू लावते, झेंडू वाहते, पाणी घालत नाही. तिच्यावरच्या भिंतीत अण्णांनी त्याच सकाळी ठोकलेला खिळा आहे, आमची टॉर्च त्यालाच निवते. तो काचेचा कप मागवणारा कारागीर मला परवा विचारत होता, मॅडम, एवढी जुनी डोण, फुटली कशी?

"दगड होता," मी म्हणाले. "तडकला."